गर्भ लॅबमध्ये वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, पिकअप (अंडाशयातून अंडी काढणं) झालं की डॉक्टर सांगतात, "आता पुढचे पाच दिवस लॅबचे." पेशंट मान हलवतात आणि घरी जाऊन गूगल करत बसतात. मी पुण्यात एम्ब्रिऑलॉजिस्ट म्हणून काम करते, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारी, त्या बंद दाराच्या आतली. फोनवर आणि ओपीडीत तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आधीच एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लॅब गर्भ सुधारत नाही. अंड्यात आणि शुक्राणूत जे आलंय त्यात आम्ही भर घालू शकत नाही. ते बिघडू न देणं एवढंच आमच्या हातात असतं, आणि या खोलीतली सगळी यंत्रं त्यासाठीच आहेत.

गर्भ बाहेर किती दिवस असतो? रोज काय होतं?

जास्तीत जास्त पाच ते सहा, क्वचित सात दिवस. पिकअपचा दिवस शून्य धरतात. त्या दिवशी दुपारी अंडी आणि शुक्राणू एकत्र ठेवले जातात, किंवा इक्सी असेल तर एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडला जातो. त्यानंतर १६ ते १८ तासांनी, म्हणजे पुढच्या सकाळी, पहिल्या दिवशी, फलन झालंय का ते बघायचं. अंड्यात शेजारी शेजारी दोन गोल दिसले, एक आईचा आणि एक बाबांचा, की फलन नीट झालं. तीन दिसले तर तो गर्भ वापरत नाही. ही वेळ चुकवून चालत नाही, कारण थोड्या तासांत ते गोल विरून जातात. म्हणूनच रविवार असो की लक्ष्मीपूजन, आमच्यातलं कुणीतरी सकाळी आठला लॅबमध्ये असतंच.

दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशी होतात आणि तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो आणि पाचव्या दिवशी आत पाणी भरून फुगा तयार होतो. त्यालाच ब्लास्टोसिस्ट म्हणतात.

टेस्ट ट्यूबमध्येच ठेवता ना?

नाही. नाव तेवढं राहिलंय. गर्भ तळहातापेक्षा लहान, चपट्या प्लॅस्टिकच्या डिशमध्ये असतो. डिशच्या तळाशी मीडियाचे, म्हणजे गर्भ ज्यात वाढतो त्या द्रवाचे, बारीक थेंब आणि वर तेलाचा थर. थेंब केवढा, तर साधारण २५ मायक्रोलिटर. चहाच्या एका चमच्यातून असे दोनशे थेंब निघतील.

डिश आदल्या संध्याकाळी तयार करतात. पिपेटने थेंब टाकले की लगेच तेल ओतायचं. तेल घालायला उशीर झाला तर एवढासा थेंब एसीच्या वाऱ्यात आटायला लागतो आणि उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण गर्भाला ते कळतं. म्हणून एकावेळी दोन-तीनच डिश करायच्या, दहा नाहीत. नवीन मुलींना मी पहिला महिनाभर फक्त थेंब टाकायला लावते. कंटाळतात बिचाऱ्या. तेल घातलेल्या डिश मग रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे गर्भ ठेवायच्या उबदार पेटीत ठेवतात, म्हणजे गर्भ येण्याआधी तापमान आणि गॅस त्यात मुरलेले असतात.

तापमान ३७ अंशच का? अर्धा अंश इकडे तिकडे झालं तर?

शरीराचं तापमान तेवढं, हे सरळ उत्तर. पण खरी काळजी अंड्याची असते. अंड्यात गुणसूत्रांना जागेवर धरून ठेवणाऱ्या अगदी नाजूक तंतूंची एक रचना असते. अंडं थंड पडलं की ती विस्कटायला लागते आणि पुन्हा गरम केल्यावर पूर्वीसारखी जुळेलच असं नाही. म्हणून पिकअपच्या वेळी नळ्या गरम ठेवलेल्या असतात, ज्यावर डिश ठेवतो तो टेबलाचा भाग गरम असतो आणि मायक्रोस्कोपचा स्टेजही (त्याची डिश ठेवायची जागा) गरम असतो.

यात एक गंमत आहे. स्टेजच्या डिस्प्लेवर ३७ दिसतं म्हणून थेंब ३७ ला असतो असं नाही. डिशच्या तळाखाली हवेची फट असते, वर एसी चालू असतो. म्हणून डिशमध्ये तेलाखाली तारेएवढा प्रोब बुडवून थेंबातलं खरं तापमान मोजावं लागतं. त्यासाठी स्टेज कधी ३७.५ वर, तर कधी ३८ च्या आसपास ठेवावा लागतो. प्रत्येक मायक्रोस्कोपचा आकडा वेगळा. आमच्याकडे तो चिकटपट्टीवर लिहून त्याच मायक्रोस्कोपला चिकटवलाय. एम्ब्रिऑलॉजिस्टला हा आकडा विचारून बघा. पटकन सांगता आला तर लॅबमध्ये मोजमाप होतं असं समजा.

इन्क्युबेटरला गॅसचे सिलिंडर कशाला?

मीडियाची आम्लता सांभाळायला. पीएच साधारण ७.२ ते ७.४ च्या मध्ये राहावा लागतो आणि तो मीडियातला बायकार्बोनेट आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्या तोलावर ठरतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जवळपास नसतोच. इन्क्युबेटरमध्ये तो ५ ते ७ टक्के ठेवतात. काही मीडियात गुलाबीसर रंग घातलेला असतो. तसल्या मीडियाची डिश बाहेर विसरली तर रंग हळूहळू जांभळटाकडे झुकतो. गॅस उडून जातोय आणि पीएच चढतोय, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आता पुण्याची गोष्ट. टक्केवारी ही फसवी चीज आहे. मीडियात किती गॅस विरघळेल हे टक्क्यांवर नाही, गॅसच्या दाबावर ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. मुंबईत ६ टक्क्यांनी जो पीएच मिळतो, त्यासाठी पुण्यात साधारण ६.४ ठेवावे लागतात. नाशिकलाही थोडंफार तसंच. मुंबईच्या लॅबचे आकडे जसेच्या तसे इथे आणून लावले तर मीडिया कायमच थोडा अल्कलीकडे झुकलेला राहील. म्हणून सेटिंग कॉपी करायचं नसतं, आपल्या लॅबमध्ये पीएच मोजून ठरवायचं असतं.

ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवता असं ऐकलं. गर्भ गुदमरत नाही का?

उलट. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, पण गर्भनलिकेत २ ते ८ टक्क्यांच्या दरम्यानच. जास्त ऑक्सिजनमुळे पेशीत घातक रेणू तयार होतात. लोखंड गंजतं तसाच काहीसा प्रकार. म्हणून ५ टक्के ऑक्सिजन ठेवतात आणि उरलेली जागा नायट्रोजनने भरतात. कमी ऑक्सिजनमध्ये वाढवल्यावर बाळ होण्याचं प्रमाण काहीसं वाढतं, असा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याचा निष्कर्ष होता. क्लिनिक निवडताना फॅन्सी नावांच्या पॅकेजपेक्षा हा प्रश्न आधी विचारा: इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन किती टक्के?

मीडिया म्हणजे काय? त्यात औषधं असतात का?

पाणी, क्षार, अमिनो आम्लं, थोडी साखर, माणसाच्या रक्तातून वेगळं केलेलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि बहुधा थोडं अँटिबायोटिक. 'गर्भ वाढवणारं औषध' त्यात काही नसतं.

गर्भाचं खाणं मात्र दिवसागणिक बदलतं. पहिले दोन-तीन दिवस तो साखरेकडे फारसा बघत नाही. पायरुव्हेट आणि लॅक्टेटवर चालतो. ब्लास्टोसिस्ट व्हायच्या सुमाराला ग्लुकोज लागायला लागतं. म्हणून काही लॅब तिसऱ्या दिवशी मीडिया बदलतात, तर काही पाचही दिवस एकच मीडिया वापरतात. दोन्ही पद्धती चालतात. यावरून क्लिनिक चांगलं की वाईट हे ठरवू नका.

मीडिया, तेल, डिश, पिपेटच्या नळ्या, गर्भाला शिवणारी प्रत्येक वस्तू कंपनी आधी उंदराच्या गर्भावर तपासते. तरी चूक होते. डिसेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीला मीडियाचे तीन लॉट परत मागवावे लागले. त्यात मॅग्नेशियम कमी पडलं होतं. तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये लॉट नंबरचा रकाना रिकामा दिसला की मी सही करत नाही.

बारा अंडी मिळाली आणि शेवटी तीनच गर्भ? बाकीचे गेले कुठे?

हा प्रश्न रडवेल्या आवाजात येतो, म्हणून सविस्तर सांगते.

बारा अंड्यांपैकी नऊ-दहा पक्व निघतात. कच्च्या अंड्यात फलन होत नाही. नऊ-दहापैकी सात फलित झाली तर लॅबचं काम ठीक चाललंय. सातपैकी तीन-चार ब्लास्टोसिस्टपर्यंत जातात. हे माझे अंदाज नाहीत. व्हिएन्नाच्या बैठकीत जगभरातल्या एम्ब्रिऑलॉजिस्टनी लॅबसाठी मोजपट्टी ठरवली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात इक्सीनंतरचं नीट फलन किमान ६५ टक्के, चांगल्या लॅबमध्ये ८०. फलित अंड्यांतून ब्लास्टोसिस्ट किमान ४० टक्के, चांगल्या लॅबमध्ये ६०. म्हणजे जगातल्या उत्तम लॅबमध्येसुद्धा दहातले साधारण चार गर्भ वाटेत थांबतात.

बहुतेक जण तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या मध्ये थांबतात. पहिले दोन-अडीच दिवस गर्भ आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर ती संपत येते आणि त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. शिदोरी संपली आणि घरची चूल पेटली नाही, तर गर्भ तिथेच थांबतो. याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांतला दोष, आणि तो बहुतेकदा अंड्यातूनच आलेला असतो. स्त्रीचं वय चाळिशीपुढे असेल तर निम्म्याहून जास्त गर्भांत असा दोष निघतो. शरीरातही हेच होतं, फक्त तिथे मोजायला कुणी बसलेलं नसतं.

तुम्ही काय खाल्लं, रिक्षात किती धक्के बसले, आत्याच्या घरी बारशाला का गेलात, याचा याच्याशी काहीही संबंध नाही. सासूबाईंनाही हे सांगा.

मग तिसऱ्या दिवशीच ट्रान्सफर करून टाकलं तर?

ट्रान्सफर म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं. तिसऱ्या दिवशी करतातही. एक-दोनच गर्भ असतील तर निवडायला काही नसतं, मग पाचव्या दिवसापर्यंत थांबून फारसा फायदा नाही. जास्त गर्भ असतील तर पाच दिवस थांबल्याने कोणात दम आहे ते दिसतं आणि एकच गर्भ आत सोडता येतो. जुळ्यांची जोखीम बरीच कमी होते. मात्र "पाचव्या दिवशी आणखी ताकदवान होईल" हे खरं नाही. थांबल्यामुळे गर्भ सुधारत नाही, आपल्याला त्याची ओळख पटते एवढंच.

रिपोर्टवर ४एए, ३बीबी असं लिहिलंय. हे काय?

आकडा म्हणजे फुगा किती फुगलाय. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्यातून बाळ होतं. दुसरं बाहेरच्या थराचं, ज्यातून वार होते. ही ग्रेड डोळ्यांनी बघून देतात. दहावीच्या टक्क्यांसारखं तिच्याकडे बघू नका. बीबीची बाळं शाळेत जातात आणि एएचा रिझल्ट निगेटिव्ह येतो, हे दोन्ही मी पाहिलंय. ग्रेडवरून गुणसूत्रं कळत नाहीत. मुलगा की मुलगी तेही कळत नाही. आणि कळत असतं तरी सांगितलं नसतं. तो गुन्हा आहे, आणि त्यावरचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता.

टाइम-लॅप्स इन्क्युबेटरचे जादा पैसे भरावेत का?

यात आत कॅमेरा असतो. दर काही मिनिटांनी फोटो निघतो आणि डिश बाहेर न काढता गर्भ बघता येतो. आम्हाला काम करायला ते फार सोयीचं. पण ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये दीड हजारांवर स्त्रियांवर झालेली मोठी चाचणी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि टाइम-लॅप्समुळे बाळ होण्याचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलं नाही. लॅबने घेतलं तर छान. वेगळे पैसे मागत असतील तर मी तुमच्या जागी भरले नसते.

त्यापेक्षा इन्क्युबेटरचा आकार महत्त्वाचा. जुन्या फ्रिजएवढ्या इन्क्युबेटरमध्ये सगळ्यांच्या डिश एकत्र असतात. एकीसाठी दार उघडलं की गॅस आणि ऊब सगळ्यांचीच जाते आणि परत यायला बराच वेळ लागतो. आता टेबलावरचे छोटे कप्प्याकप्प्यांचे असतात. एक झाकण उघडलं तरी शेजारच्या कप्प्याला पत्ता नसतो, आणि उघडलेला कप्पाही काही मिनिटांत पूर्ववत होतो.

लाइट गेली तर?

विदर्भ-मराठवाड्यातून फोन असेल तर हा प्रश्न पहिला येतो, आणि बरोबरच आहे. इन्क्युबेटर यूपीएसवर असतात, मागे जनरेटर असतो. गॅसचा एक सिलिंडर संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय असते. बिघाड झाला तर अलार्मचा फोन आमच्या मोबाइलवर येतो. रात्री तीनला आलेल्या त्या फोनवर सहसा सेन्सरच बिघडलेला निघतो, पण जावं लागतंच.

फ्रीझ केलेल्या गर्भांना तर विजेची गरजच नसते. ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेले असतात. टाकी म्हणजे मोठा थर्मास. धोका नायट्रोजन हळूहळू उडून जाण्याचा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात शनिवार-रविवारच्या सुट्टीत टाकीचं तापमान चढलं, दूरवर कळवणारा अलार्म बंद होता आणि सुमारे ४,००० अंडी आणि गर्भ गेले. म्हणून अलार्म आहे यावर समाधान मानू नका. "मागची चाचणी कधी घेतली?" असं विचारा. आमच्याकडे नायट्रोजनची पातळी लाकडी पट्टी बुडवूनही मोजतात. पट्टी बाहेर काढली की जेवढी बुडाली तेवढ्यावर पांढरं दव धरतं. हे मोजमाप कधी बंद पडत नाही.

आमचा गर्भ दुसऱ्याचा होणार नाही ना?

प्रत्येक डिशवर, नळीवर, फ्रीझिंगच्या काडीवर दोघांची नावं आणि नंबर असतो. डिश बदलताना दुसरी व्यक्ती शेजारी उभी राहून नाव मोठ्याने वाचते आणि सही करते. काही ठिकाणी चिपवर चालणारी यंत्रणा असते, चुकीची डिश टेबलावर आली की ती ओरडते. एका टेबलावर एकावेळी एकाच जोडप्याचं काम. ट्रान्सफरच्या आधी तुम्हाला पूर्ण नाव तीन-तीनदा विचारलं तर वैतागू नका. पाटील आणि देशमुख किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

ट्रान्सफरला येताना परफ्युम, अत्तर, गजरा नको असं का?

वास म्हणजे हवेत तरंगणारे रसायनाचे कण. ते मीडियावरच्या तेलात विरघळतात आणि तिथून गर्भापर्यंत पोचू शकतात. शरीरात गर्भाला यकृत-मूत्रपिंडांचं संरक्षण असतं, डिशमध्ये काहीच नसतं. लॅबची हवा बारीक धूळ अडवणाऱ्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून येते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही.

माझ्या आधीच्या नोकरीत वरच्या मजल्यावर फर्निचरचं आणि पॉलिशचं काम निघालं होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोन-तीन आठवडे ब्लास्टोसिस्ट एकदम कमी व्हायला लागले. मीडिया बदलला, गॅस तपासला, एकमेकांच्या हातांवर शंका घेऊन झाली. एक दिवस लिफ्टमध्ये थिनरचा वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कारण तेच होतं हे सिद्ध करता आलं नाही, पण काम थांबल्यावर आकडे परत वर आले. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाचं रंगकाम आहे हे वॉचमन मला आधी सांगतो. गणपतीत रिसेप्शनवर अगरबत्ती लावायची नाही हा नियमही माझाच. शिव्या खाल्ल्या त्याबद्दल.

हे भारतात कधीपासून होतंय?

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मलं. डॉक्टर स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांची नावं सगळ्यांना माहीत. डिश सांभाळणारी आणि तो गर्भ दुभागताना पहिल्यांदा पाहणारी जीन पर्डी मात्र फारशी कुणाला माहीत नाही. आमच्या धंद्यातली पहिली बाई ती.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून मुलगी झाली. तीही गोठवलेल्या गर्भातून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून बाळ जन्मलं, आणि 'देशातलं पहिलं' म्हणून त्याची नोंद झाली. पुढे मुखोपाध्यायांचे कागद आनंद कुमारांनी स्वतः तपासले आणि १९९७ मध्ये जाहीर केलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा.

गर्भ किती वर्षं फ्रीझ ठेवता येतात?

२०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे दहा वर्षं. वर्षं वाढली म्हणून गोठलेला गर्भ म्हातारा होत नाही. मुदत कायद्याची आहे, गर्भाची नाही. नूतनीकरणाची फी भरायला आणि पत्ता बदलला तर कळवायला विसरू नका. आम्ही पाठवलेली पत्रं परत येतात तेव्हा काय करायचं ते आम्हालाही सुचत नाही.

लॅब आतून बघायला मिळेल का?

नाही. काचेतून दाखवू. गर्भाचा फोटो मात्र मागा, देतो.

ट्रान्सफर अमावास्येला येतंय. एक दिवस पुढे ढकलता येईल?

ताज्या गर्भाचं असेल तर नाही. पाचव्या दिवशी तो कवच फोडून बाहेर यायच्या तयारीत असतो, त्याला पंचांग दाखवता येत नाही. फ्रीझ केलेल्या गर्भाचं असेल तर प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर तयार करणारं हॉर्मोन) कधी सुरू करायचं हे ठरवतानाच सांगा, तेव्हा एखादा दिवस इकडे तिकडे होऊ शकतो. एकदा ते सुरू झालं की सहाव्या दिवशी सकाळी गर्भ वितळवायला काढणार. पोटभर नाश्ता करून या, आणि लघवीला जाऊ नका. मूत्राशय भरलेलं असलं की सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ दिसतं.